'निरंक' अहवालाची सोय



बीड जिल्हा कारागृह बातम्यांत येते ते आत कोणाची बडदास्त राहते आणि कोण कोणाच्या अंगावर धावून गेले, एवढ्यासाठीच. सरपंच संतोष देशमुख खून प्रकरणातील आरोपी इथे आल्यापासून तर हे वाढलेच आहे. त्याच बराकींत रात्र रात्र जागणारा, जेवण परत पाठवणारा एखादा गरीब न्यायबंदी मात्र कोणाच्या खिजगणतीत नसतो.

मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, 2017 चे कलम 103 जरूर वाचावे. कारागृहाच्या वैद्यकीय अधिकाऱ्याने दर तिमाहीला मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाला प्रमाणित करून कळवायचे ते काय? तर आमच्याकडे एकही मनोरुग्ण बंदी नाही! रुग्ण आहे म्हणावे, तर त्याला कारागृहात का ठेवला असा खुलासा मंडळ मागू शकते. 'निरंक' लिहिले की प्रश्नच मिटला. डॉक्टर अप्रामाणिक असतात असे मला म्हणायचे नाही. पण ज्या व्यवस्थेत रोज वावरायचे, तिच्याच विरुद्ध दर तीन महिन्यांनी लिहायला लावणे हा कायद्याचा भाबडेपणा आहे.

डॉक्टरांच्या तपासणीच्या वेळी बंद्याच्या खांद्याशी शिपाई उभा असेल, तर बराकीत कोण मारतो, जीव द्यावासा वाटतो का, हे तो बोलेल कसा? कैद्यांना द्यायच्या वागणुकीबाबतच्या संयुक्त राष्ट्रांच्या मंडेला नियमांनुसार तपासणी पूर्ण गोपनीय हवी. शिपायाने बंदी दिसेल पण बोलणे ऐकू येणार नाही, इतक्या अंतरावर थांबावे. याला ना निधी लागतो ना शासन निर्णय.

'नाटकं करतात, दवाखान्याच्या निमित्ताने बाहेर पडायचं असतं,' असे म्हटले जाते. काही जण करतही असतील. ते मनोविकारतज्ज्ञाने ठरवायचे की सुभेदाराने? आजार खराही असतो: महाराष्ट्रातल्या एका फाशीच्या कैद्याला शिक्षेनंतर गंभीर मानसिक आजार जडला, म्हणून सर्वोच्च न्यायालयाने 2019 मध्ये त्याची फाशी रद्द करून जन्मठेप दिली. निकालात त्याचा उल्लेख 'आरोपी एक्स' एवढाच आहे. दोन बालिकांचा खून केलेल्या या कैद्याच्या आजाराचीही गुप्तता राखली जाते. इथे तर बहुतेकांचा गुन्हाच अजून शाबीत व्हायचा आहे.

अंबाजोगाईला स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात मनोविकृतीशास्त्र विभाग आहे. बंद्याला तिकडे न्यायचे तर पोलीस गार्ड हवा, आणि बंदोबस्त निघाला की गार्ड मिळत नाही. त्यापेक्षा तिथल्या तज्ज्ञाने ठरल्या दिवशी बीडला यावे आणि तिमाही अहवालावर त्याचीही सही असावी. जामीन झालेल्याला सोडताना कपड्यांच्या पिशवीबरोबर केसपेपर आणि महिनाभराच्या गोळ्याही द्याव्यात.

– एक वकील, अंबाजोगाई