कोटाच्या खिशातला पाइप

जून महिन्यात शाळा उघडली की आमच्याकडे तंबाखूमुक्तीची शपथ होते. जागतिक तंबाखूविरोधी दिन ३१ मेचा, पण त्या दिवशी मुले आंब्या-फणसांत असतात, म्हणून शपथ जूनमध्ये उरकावी लागते. यंदा ते काम आमच्याकडे आले. मुलांनी हात पुढे करून शपथ घेतली. आम्ही चार शब्द बोललो, २००३ च्या कायद्याप्रमाणे शाळेपासून शंभर यार्डांच्या आत तंबाखू विकायला बंदी आहे हे सांगितले आणि सवयीने विचारले, "कुणाला काही विचारायचंय?"

सातवीतला एक मुलगा उठला. आमच्याच मोहल्ल्यातला, ईदला घरी शीरखुर्मा खाऊन गेलेला. म्हणाला, "सर, मग तुमच्या कपाटात एवढे पाइप कशाला?"

सगळा वर्ग हसला. मुख्याध्यापकांनी आमच्याकडे पाहिले. आम्ही "उद्या सांगतो" म्हणून खाली बसलो. मुलाला दुसऱ्या दिवशी अर्धे उत्तर दिले. उरलेले अर्धे या महिन्यात वाचकांपुढे ठेवत आहोत.

खरी गोष्ट कबूल करायला हवी. आमच्या कपाटात तेवीस पाइप आहेत, दोन गुडगुड्या आहेत आणि मातीची एक चिलीम आहे. सगळे जुने, कुणीतरी ओढून टाकलेले. त्यातला एकही आम्ही कधी ओठांना लावलेला नाही. आमच्या बेगमचे म्हणणे असे की ज्या खोलीत जानमाज अंथरतो तिथेच नशेचे सामान मांडणे शोभत नाही. त्यांच्या म्हणण्यात वजन आहे, म्हणून कपाट आता पडवीत गेले आहे. यात फुजूलखर्ची आहे असे कुणी म्हणेल, तर तेही आम्ही नाकारणार नाही. हौस आहे ही, आणि हौसेची सुरुवात एका कोटापासून झाली.

आमचे मरहूम अब्बा बोटीवर सुकाणी होते. रत्नागिरीच्या खाडीकाठच्या गावांत तेव्हा घरटी एक माणूस बोटीवर असायचा. अब्बा वर्षातून दोन-तीन महिने घरी असत. त्या दिवसांत संध्याकाळी ओटीवर बसून ते पाइप भरत. लिव्हरपूलच्या एका जुन्या बाजारात त्यांनी तो घेतला होता, म्हणजे त्यांच्याकडे आला तेव्हाच तो वापरलेला होता. पुढून वाकडा, गडद तांबूस, आणि लाकूड व तोंडाचा दांडा जिथे जुळतात तिथे चांदीची कडी. कडीवर बारीकसा नांगर कोरलेला. अब्बा दर्यावर्दी, म्हणून त्यांच्या पाइपावर नांगर, असे आम्ही कित्येक वर्षे समजत होतो. दांड्याची डावी बाजू दातांनी झिजून गेली होती, तिथे अब्बांनी मेणदोरा गुंडाळला होता.

१९९६ साली अब्बांच्या घशाचे दुखणे निघाले. मुंबईत माझगावला चाचांच्या खोलीत राहून इलाज चालला. पाच महिन्यांत ते गेले. अम्मीने इद्दत तिथेच काढली. गावी परतायच्या आदल्या दिवशी दारावर बोहारीण आली. अम्मीने अब्बांचे कपडे काढून दिले, त्यात बोटीवरचा जाड लोकरी कोटही गेला, आणि बदल्यात स्टीलचा एक टोप घेतला. आम्ही तेव्हा नुकतीच दहावीची परीक्षा दिली होती. संध्याकाळी आम्ही कोट शोधला, कारण पाइप कोटाच्या आतल्या खिशात होता. कोट नव्हता. खाटेखाली चकचकीत टोप होता. अम्मीला आम्ही काही विचारले नाही. त्या दिवशी विचारले नाही, ते पुढेही राहून गेले.

बोहारणींनी गोळा केलेले कपडे आणि त्यांच्या खिशांतला ऐवज मुंबईतल्या जुन्या मालाच्या बाजारांत जातो, हे डी. एड. करताना एका मित्राकडून कळले. तेव्हापासून आम्ही चोरबाजाराची वाट धरली.

मटन स्ट्रीटवरची जुन्या वस्तूंची मोठी दुकाने शुक्रवारी बंद असतात. पण खरा शोध घ्यायचा तो शुक्रवारीच, कारण त्या दिवशी पहाटेपासून रस्त्यावर हातगाड्या आणि पथाऱ्या लागतात. सुट्टीत गुरुवारी रात्री रत्नागिरीहून कोकणकन्या पकडायची, पहाटे छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला उतरायचे, मोहम्मद अली रोडने चालत जायचे. उजाडायच्या आधी हातात बॅटरी घेऊन लोक माल चाळत असतात. घड्याळांचे पट्टे, कॅमेऱ्यांची भिंगे, ग्रामोफोनचे कर्णे, बोटींवरचे पितळी दिवे. पाइप बहुधा चाकू-लायटरच्या ढिगात सापडतो. जुम्म्याच्या नमाजाच्या आत काम उरकते. पुण्याचा जुना बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो, तिथेही दोनदा गेलो. तिथे पाइप कमी आणि नळाचे पाइप जास्त मिळाले.

पहिली काही वर्षे आम्ही फसलो. एका विक्रेत्याने डोळे मिटून सांगितले, "मास्टरसाब, ये थिबा राजा का है, आप तो रत्नागिरी के हो." थिबाला इंग्रजांनी १८८६ मध्ये रत्नागिरीला आणले, १९१६ मध्ये तो तिथेच वारला, त्याचा राजवाडा आमच्या रोजच्या वाटेवर आहे. अशा माणसाला थिबाचा पाइप विकायचा म्हणजे धाडसच. तो पाइप अॅल्युमिनियमच्या दांड्याचा होता. असे पाइप थिबा गेल्यानंतर कितीतरी वर्षांनी निघाले. विक्रेत्याला हे सांगितले तर तो बिलकूल ओशाळला नाही, म्हणाला, "तो फिर उसके बेटे का होगा."

फसत फसत माणूस शिकतो. चांगला पाइप बहुधा ब्रायरचा असतो. भूमध्य समुद्राच्या काठी एक झुडूप वाढते, त्याच्या मुळाशी लाकडाची घट्ट गाठ येते. ती काढून उकळतात, कित्येक महिने वाळवतात, मग कोरतात. एवढी आग पोटात घेऊन हे लाकूड जळत नाही, म्हणून एकोणिसाव्या शतकात त्याचे चलन पडले. फ्रान्समधले सेंट क्लॉड हे गाव त्यासाठी प्रसिद्ध झाले. ब्रायरला फ्रेंचमध्ये ब्रुयेर म्हणतात, म्हणून पुष्कळ पाइपांवर तो शब्द ठोकलेला असतो. तो कंपनीचे नाव समजून आम्ही एकदा "ब्रुयेर कंपनीचा अजून आहे का?" असे विचारत बाजारभर फिरलो आहोत.

तोंडात धरायचा काळा दांडा जुन्या पाइपांत व्हल्कनाइटचा, म्हणजे गंधक घालून कडक केलेल्या रबराचा. उजेडात आणि ओलीत राहिला की तो हिरवट-पिवळा पडतो आणि त्याला गंधकाचा वास सुटतो. गिऱ्हाईक हा रंग पाहून पाइप खाली ठेवते, पण हा रंग म्हणजे खोटेपणाची खूण नव्हे, उलट जुनेपणाची आहे. टूथपेस्ट लावून फडक्याने घासले आणि वर ऑलिव्ह तेलाचा हात दिला की दांडा पुन्हा काळा होतो. वाडगे मात्र नीट पाहावे. आत काजळीचा थर असतोच, पण त्याखाली लाकडाला तडा असेल तर तो घेऊ नये. दांडा घट्ट बसला असेल तर दुकानात पिळू नका. मोडला तर पैसे तुमचे. साफसफाईबद्दल इंग्रजी पुस्तकांत पाइपात रम भरून रात्रभर ठेवा असे लिहिलेले असते. आमच्या घरात ते कुठून येणार! आम्ही औषधाच्या दुकानातले स्पिरिट आणि कापूस वापरतो.

आणि तो नांगर. चांदीच्या कड्या पाहता पाहता एक दिवस उलगडा झाला. इंग्लंडात चांदी तपासून तिच्यावर शिक्के मारण्याची जुनी पद्धत आहे. चालणारा सिंह म्हणजे चांदी कसाला उतरली. बिबळ्याचे मुंडके म्हणजे लंडनला तपासली, आणि नांगर म्हणजे बर्मिंगहॅमला. शेजारचे अक्षर साल सांगते. बर्मिंगहॅमला समुद्रच नाही! अब्बांच्या नांगराचा दर्याशी काही संबंध नव्हता हे कळल्यावर आम्हाला का कोण जाणे, फार वाईट वाटले.

पाइपाच्या मागे लागून हुक्क्यापर्यंत पोचलो, आणि तिथे तर आपल्या मुलखाचाच इतिहास निघाला. अकबराचा वकील असद बेग विजापूरच्या आदिलशाही दरबारात गेला होता. तिथे त्याने तंबाखू पहिल्यांदा पाहिला आणि १६०४ च्या सुमारास परतताना तो, जडावाच्या नळीसकट, बादशहापुढे नेऊन ठेवला. नळीचे तोंड येमेनी अकीकाचे होते, असे तो लिहितो. अकबराने दोन-चार झुरके घेतले, हकीम आडवा आला, दरबारात वाद झाला. बादशहाने सवय लावून घेतली नाही, पण अमीर-उमरावांनी लावून घेतली. पुढे १६१७ मध्ये जहांगीरने तंबाखूवर बंदी घातली, तरी लोक ओढतच राहिले. आपल्या सरकारने २०१८ मध्ये हुक्का पार्लर बंद केले तेव्हा आम्हाला जहांगीर आठवला.

ही विजापूरची सत्ता म्हणजे आपल्या दाभोळ बंदरावरची सत्ता. अरब आणि तुर्क मुलखांत हुक्क्याला नारगिले म्हणतात, तो शब्द फारसीतल्या नारगील म्हणजे नारळावरून आला, कारण हुक्क्याचे पाणी नारळाच्या करवंटीत भरत. आमच्याकडच्या दोन गुडगुड्यांपैकी एक करवंटीचीच आहे. आजऱ्याच्या एका भंगाराच्या दुकानातून दीडशे रुपयांना आणली. तिची नळी मोडलेली आहे, तरी बिदरी कामाच्या महागड्या हुक्क्यापेक्षा आम्हाला ती प्यारी आहे. बिदरीचे पेंदे पाहायचे असतील तर हैदराबादच्या सालारजंग म्युझियममध्ये पाहावेत, विकत घेण्याच्या फंदात शिक्षकाने पडू नये. जुन्या वस्तू कशा जमवाव्यात हे मात्र पुण्याच्या केळकर म्युझियममध्ये कळते. दिनकर केळकरांनी गावोगाव फिरून अडकित्ते, दिवे, दौती असल्या रोजच्या वस्तू जमवल्या आणि संग्रहाला आपल्या गेलेल्या लहान मुलाचे, राजाचे, नाव दिले. तिथे गेलो की आम्ही पाटीपाशीच थोडा वेळ उभे राहतो.

एक सूचना राहिली. हस्तिदंती तोंडाचा पाइप कुणी दाखवला तर घेऊ नका, वन्यजीव कायद्याने त्याचा धंदा गुन्हा आहे. आणि शंभर वर्षांवरच्या पुरातन वस्तूंना १९७२ चा वेगळा कायदा लागू होतो. दुबईच्या मेहुण्याला भेट म्हणून पाठवण्याआधी चौकशी करावी.

आता त्या मुलाचे उत्तर. दुसऱ्या दिवशी आम्ही एक पाइप वर्गात नेला, आम्ही अजून न धुतलेला. पांढरा कापूस तारेला गुंडाळून स्पिरिटमध्ये बुडवला आणि मुलांसमोर नळीतून ओढला. बाहेर आला तो डांबरासारखा. पुन्हा घातला, पुन्हा काळा. सात वेळा केले. पहिल्या बाकावरच्या मुली नाकाला ओढण्या लावून बसल्या. तो मुलगा जवळ येऊन वास घेऊन गेला. "हे एका माणसाच्या आत जायचं?" त्याने विचारले. आम्ही म्हटले, "थोडं नळीत राहायचं. बाकीचं आत." मग तो म्हणाला की त्याचे अब्बा पाइप नाही ओढत, गुटखा खातात. त्यावर आमच्याकडे काही तयार उत्तर नव्हते. तास संपल्यावर त्याला थांबवून घेतले आणि त्याच्या अब्बांना सिव्हिल हॉस्पिटलमध्ये तोंड तपासून घ्यायला सांग, म्हटले. अजून ते गेलेले नाहीत. आम्ही रविवारी घरी जाऊन आलो, पुन्हा जाणार आहोत.

हे सगळे रात्री जेवताना सांगितले तेव्हा अम्मी ऐकत होती. पंच्याहत्तरी ओलांडली आहे तिने. हात धुऊन आली आणि म्हणाली, "त्या पोराला खरं कारण सांगितलंस का?"

"कुठलं?"

"तू कुणाचा पाइप शोधतोस ते."

आम्ही गप्प राहिलो. आमच्या हौसेचे कारण तिला ठाऊक असेल असे आम्हाला कधी वाटले नव्हते.

"खिशात आहे ते मला माहीत होतं," अम्मी म्हणाली. "बोहारणीला मी मुद्दाम दिला कोट. चाचांच्या खोलीत तू रात्री उठून त्या पाइपचा वास घ्यायचास. एकदा तोंडात धरलेलाही पाहिला मी. सोळा वर्षांचं पोर. तुझे अब्बा आत खाटेवर, पाणीसुद्धा गिळता येत नव्हतं त्यांना."

आम्हाला ते आठवत होते. तिने पाहिले होते हे माहीत नव्हते.

बेगमने ताटे उचलली. टोपात भात थोडा उरला होता, तो झाकून ठेवला. टोप तोच, बोहारणीचा. त्याचा एक कान कधीचा तुटला आहे, तरी अम्मी तो टाकू देत नाही.

बऱ्याच वेळाने अम्मीने विचारले, "दिवाळीच्या सुट्टीत जाणार आहेस का पुन्हा मुंबईला?"

"जाईन म्हणतो."

"मग मला एक जुना अडकित्ता बघ पितळेचा. हा नवा सुपारी फोडत नाही, चेंगरतो."