नावडतीचं मीठ अळणीच!

कोयनानगर आणि खोऱ्यातल्या वाड्या-वस्त्यांवरच्या लोकांनो,

घरात 64 वर्षांची बाई आहे. घराचं वर्षाचं उत्पन्न लाखभर. तिला 'लाडकी बहीण'चे महिन्याला 1500 रुपये मिळतात, कारण 2024 साली या योजनेला उत्पन्नाची मर्यादा अडीच लाखांची ठेवली. चांगलं केलं, त्यावर आमचं भांडण नाही.

पण 65 पूर्ण झाली की तिचं नाव कटतं. मग 'श्रावणबाळ' पेन्शनचा अर्ज कर म्हणतात. रक्कम तीच, 1500. मर्यादा मात्र 21,000! वर्षाची, अख्ख्या घराची. दिवसाला 58 रुपयेसुद्धा नाहीत. गुडघे गेले, डोळ्यांत मोतीबिंदू आला, आणि सरकारच्या लेखी म्हातारी एका रात्रीत सावकारीण झाली!

आणखी गंमत बघा. 2024-25 साली रोजगार हमीची मजुरी होती दिवसाला 297 रुपये. घरातल्या एकानं तेव्हा हमीचे शंभर दिवस भरले तर व्हायचे 29,700. म्हणजे सरकारच्याच कामावर घाम गाळला तर सरकारचीच पेन्शन हुकते. ही हमी ज्यांच्या डोक्यातून निघाली ते वि. स. पागे आपल्या शेजारच्या सांगली जिल्ह्यातल्या तासगाव तालुक्यातले, विसापूरचे. 1977 साली तिचा कायदा झाला, मागेल त्याला काम हा हक्क झाला. म्हातारपणाच्या वाट्याला मात्र अजून उत्पन्नाचे दाखलेच. 21,000 च्या आतला दाखला मिळाला तर निराधार, खरं उत्पन्न सांगितलं तर घरी बसा.

दिल्लीचं काय? दारिद्र्यरेषेखालच्या म्हाताऱ्याला ऐंशी वर्षांपर्यंत केंद्राचा वाटा महिना 200 रुपये. 2007 सालीही 200 च होता. तेव्हाचा तेलाचा भाव आठवा! वरची भर राज्य घालतं. विचारायला गेलं की मुंबई दिल्लीकडे बोट दाखवते, दिल्ली मुंबईकडे. फोटो मात्र दोघांचेही लागतात.

पैसा नाही, हे निदान आम्हाला सांगू नका. कोयनेच्या शिवसागर जलाशयाखाली आमची शेतं गेली. त्या पाण्यावर 1960 मेगावॅटचा प्रकल्प उभा राहिला. 1967 च्या भूकंपात घरं पडली ती आमचीच.

मागणी दोनच. श्रावणबाळ आणि संजय गांधी निराधार योजनेची मर्यादा लाडक्या बहिणीइतकी, अडीच लाख करा. केंद्रानं आपले 200 रुपये महागाईला बांधून वाढवावेत.

येत्या ग्रामसभेत हा ठराव मांडायचा आहे. उत्पन्नापायी नामंजूर झालेला अर्ज असेल तर तो कागद सोबत आणा. म्हाताऱ्यांना चालवत नसेल तर पोरांनी गाडीवर बसवून आणा, पण आणा.

— कोयना खोऱ्यातले नावडते