शेलची हेल्प आधी, पण एकटी नको

लिनक्स शिकणारा विद्यार्थी टर्मिनलवर अडला, तर त्याने आधी कुठे पाहावे? शिकवणाऱ्यांत यावरून सरळ दोन तट पडलेले दिसतात. एक तट म्हणतो, बॅश शेलमध्येच ‘हेल्प’ नावाची कमांड आहे, ती आधी चालवायला लावा. ज्याला स्वतःच्या मशीनला विचारता येत नाही, तो पुढेही परावलंबीच राहतो. दुसऱ्या तटाचे म्हणणे असे की, त्या कोरड्या इंग्रजी मजकुरातून नवख्याला काही उमगत नाही, उलट तो बिचकतो. त्यापेक्षा उदाहरण द्या, व्हिडिओ दाखवा, आणि आता एआयला विचारू द्या. दोघांच्याही म्हणण्यात अनुभव आहे, म्हणून एकाला वेड्यात काढून हा प्रश्न सुटणार नाही.

मुळात ही हेल्प काय करते आणि काय करत नाही, हे स्पष्ट असले पाहिजे. बॅश हा शेल ब्रायन फॉक्स यांनी जीएनयू प्रकल्पासाठी लिहिला आणि तो 1989 मध्ये बाहेर आला. गेली अनेक वर्षे तो चेट रॅमी सांभाळत आहेत. टर्मिनलवर आपण ज्या कमांड देतो, त्यांतल्या बऱ्याचशा डिस्कवर पडून असलेले स्वतंत्र प्रोग्रॅम असतात. काही मात्र शेलच्या पोटातच असतात. ‘सीडी’ हे त्याचे ठळक उदाहरण. शेल कुठलाही बाहेरचा प्रोग्रॅम वेगळी प्रोसेस म्हणून चालवतो, आणि त्या प्रोसेसने आपली डिरेक्टरी बदलली तरी मूळ शेल जिथल्या तिथेच राहतो. म्हणून ‘सीडी’ शेलच्या आत असल्याशिवाय चालूच शकत नाही. ‘एक्स्पोर्ट’, ‘रीड’, ‘सेट’ यांचेही असेच. बॅशची हेल्प या आतल्या कमांडपुरती आणि ‘इफ’, ‘फॉर’, ‘व्हाइल’ अशा राखीव शब्दांपुरती आहे.

पहिली ठेच लागते ती इथेच. विद्यार्थी ‘हेल्प सीडी’ देतो, माहिती मिळते. मग तो तितक्याच विश्वासाने ‘हेल्प एलएस’ देतो आणि शेल सांगतो की असा विषय नाही, मॅन किंवा इन्फो वापरून पाहा. आतली कमांड आणि बाहेरची कमांड हा फरक त्याला कुणी सांगितलेला नसतो, त्यामुळे त्याला हेल्पच मोडकी वाटते आणि तो पुन्हा तिच्याकडे फिरकत नाही. ‘टाइप’ ही कमांड हा फरक एका ओळीत सांगते: ‘टाइप सीडी’ दिले की शेल बिल्ट-इन, ‘टाइप एलएस’ दिले की फाइलचा पत्ता किंवा अलियास. माझ्या मते हेल्पच्या आधी ‘टाइप’ शिकवली पाहिजे. त्यात भर म्हणजे, शेल बदलला की हेल्पही बदलते. मॅकवर 2019 च्या कॅटालिनापासून नव्या खात्याला झेडशेल मिळतो, त्यात बॅशसारखी हेल्प नाही. डेबियन आणि उबुंटूवर ‘एसएच’ म्हणून चालणाऱ्या डॅशमध्ये ती कमांडच सापडत नाही.

इतक्या मर्यादा असूनही पहिल्या तटाची बाजू मला भक्कम वाटते, आणि त्याचे कारण शिस्त किंवा स्वावलंबन हे नाही. हेल्प तुमच्यासमोरच्या मशीनवर चालू असलेल्या शेलबद्दल बोलते, दुसऱ्या कुणाच्या नाही. मॅकवर ॲपल आजही बॅशची 3.2 ही जुनी आवृत्ती देते. असोसिएटिव्ह ॲरे बॅशमध्ये आल्या त्या 2009 च्या 4.0 मध्ये. एखाद्याने लिनक्सवर चालणारी स्क्रिप्ट उचलून मॅकच्या बॅशवर चालवली, की ‘डिक्लेअर’ कमांडचा मोठ्या ए चा ऑप्शन तिथे अवैध ठरतो. विद्यार्थी तासभर टायपिंगची चूक शोधत बसतो. त्याने त्याच मशीनवर ‘हेल्प डिक्लेअर’ दिले, तर ऑप्शनच्या यादीत लहान ए आहे आणि मोठा ए नाही, हे त्याच्या डोळ्यांसमोर येते. कितीही चांगले पुस्तक त्याला हे सांगू शकणार नाही, कारण पुस्तकाला त्याचे मशीन माहीत नसते.

‘टाइम’चे उदाहरण याहून बोलके आहे. एखादा प्रोग्रॅम किती मेमरी खातो हे पाहायचे म्हणून कुणीतरी मॅन पान उघडतो. तिथे जीएनयू टाइमचे वर्णन असते आणि व्ही ऑप्शनने तपशील मिळतो असे लिहिलेले असते. तो बॅशमध्ये ‘टाइम -व्ही’ देतो, तर उत्तर येते की ‘-व्ही’ नावाची कमांड सापडली नाही. मॅन पान चुकीचे नाही. ते दुसऱ्याच वस्तूबद्दल आहे. बॅशचा स्वतःचा ‘टाइम’ हा राखीव शब्द आहे आणि त्याला फक्त पी हा एकच ऑप्शन कळतो. ‘हेल्प टाइम’ने हे लगेच दिसते. ‘एको’च्या जीएनयू मॅन पानात तर लेखकांनीच इशारा देऊन ठेवला आहे की तुमच्या शेलची स्वतःची एको असू शकते आणि बहुधा तीच चालेल.

आणखी एक गोष्ट कामावर गेल्यावर कळते. आजकाल बरेचसे काम कंटेनरमध्ये चालते. डॉकरच्या उबुंटू इमेजमध्ये जागा वाचवण्यासाठी मॅन पाने काढून टाकलेली असतात. मॅन दिले की सिस्टिम छोटी केली आहे एवढाच संदेश मिळतो. तिथे इंटरनेट बंद असेल, आणि सर्व्हरवर ते अनेकदा बंदच असते, तर बॅशची हेल्प मात्र हाताशी असते, कारण तिचा मजकूर सहसा बॅशच्या बायनरीतच भरलेला असतो.

आता दुसरी बाजू. हेल्प नावावरून चालते, गरजेवरून नाही. ‘फाइलमधली प्रत्येक ओळ एकेक करून वाचायची आहे’ असे मनात असलेल्या विद्यार्थ्याला ‘रीड’ किंवा ‘मॅपफाइल’ ही नावे ठाऊक नसतील, तर तो हेल्पला विचारणार काय? नाव माहीत असले, तरी समोर येणारा मजकूर शिकणाऱ्यासाठी लिहिलेलाच नाही. ही शैली जुनी आहे. केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांच्या युनिक्स मॅन्युअलची पहिली आवृत्ती 3 नोव्हेंबर 1971 ची. बेल लॅब्समधल्या सहकाऱ्यांसाठी ते लिहिले होते, ज्यांना विषय येत होता आणि फक्त नेमकी आठवण हवी होती. कमांडच्या पानांवर ज्ञात दोष नोंदवण्याची प्रामाणिक प्रथा तिथूनच आली, आणि काटकसरीने लिहायची सवयही. आजच्या ‘हेल्प सीडी’त तीच घडण दिसते: आधी वापराची ओळ, मग ऑप्शन, शेवटी कमांड कोणता कोड परत करते ते.

ती वापराची ओळ नवख्याच्या नजरेने पाहा. सीडी, मग चौकटी कंसात एल, उभी रेघ, त्यापुढे दुसऱ्या कंसात पी, त्या कंसाच्या पोटात आणखी एका कंसात ई, आणि शेवटी वेगळ्या कंसात डिरेक्टरीचे नाव. जाणकाराला यातून तीन गोष्टी एका नजरेत कळतात: कंसातले सगळे ऐच्छिक आहे, एल आणि पी यांतले एकच घ्यायचे, आणि ई ला पी शिवाय अर्थ नाही. नवखा मात्र ते कंस जसेच्या तसे टाइप करतो. दोष त्याच्या बुद्धीचा नाही, ही लिपी त्याला कुणी शिकवलेली नाही. अशा वेळी ‘मॅन्युअल वाच’ असे खेकसणाऱ्या सीनिअरबद्दल मला मुळीच आदर वाटत नाही. न येणारी लिपी वाचायला सांगणे ही मदत नव्हे.

इतरांनी हा पेच वेगवेगळ्या रीतीने सोडवला. मायक्रोसॉफ्टच्या पॉवरशेलमध्ये ‘गेट-हेल्प’ला फक्त उदाहरणे मागता येतात, आणि ती सोय बॅशने घ्यावी इतकी चांगली आहे. पण 2012 च्या तिसऱ्या आवृत्तीपासून पॉवरशेलचा सविस्तर हेल्प मजकूर मशीनसोबत येत नाही, तो ‘अपडेट-हेल्प’ने उतरवून घ्यावा लागतो. फिश शेलची हेल्प ब्राउझर उघडते; वाचायला छान, पण दूरच्या सर्व्हरवर ब्राउझर कुठून आणणार? समृद्ध मजकूर हवा की हाताशी असलेला, यात प्रत्येकाने काहीतरी सोडले आहे.

एआयची खरी ताकद हेल्प जिथे थिटी पडते तिथेच आहे. मराठीत गरज सांगितली तरी ते कमांड सुचवते, उदाहरण देते, न कंटाळता पुन्हा समजावते. हे शिकणाऱ्याच्या दृष्टीने फार मोठे आहे आणि ते नाकारणे हटवादीपणा ठरेल. पण त्याने सुचवलेला ऑप्शन तुमच्या आवृत्तीत असेलच असे नाही, आणि कधी कधी तो कुठल्याच आवृत्तीत नसतो. उत्तराच्या आत्मविश्वासावरून खरे-खोटे ओळखता येत नाही. फाइल पुसणारी कमांड असेल, तर ही चूक एंटर दाबल्यावर कळून उपयोग नाही.

म्हणून माझा कौल असा: नाव शोधायला माणूस, पुस्तक, एआय, काहीही चालेल, पण नाव मिळाल्यावर, एंटर दाबण्याआधी, त्यातले प्रत्येक अक्षर स्वतःच्या मशीनवर तपासायचे. आतल्या कमांडसाठी हेल्प, बाहेरच्यांसाठी मॅन किंवा ‘--हेल्प’ ऑप्शन. नाव आधीच माहीत असेल तर सुरुवातच हेल्पने व्हावी.

उरतो भाषेचा प्रश्न, आणि महाराष्ट्रातल्या पॉलिटेक्निक आणि डिग्रीच्या लॅबमध्ये तो रोजचा आहे. बॅशच्या हेल्पचा मजकूर कितीतरी भाषांत उपलब्ध आहे. त्यांत मराठी नाही. भाषांतर व्हावे असे मलाही मनापासून वाटते. तरी पहिले पाऊल ते नसावे असे मत मी विचारांती बनवले आहे. बऱ्याच टर्मिनलमध्ये देवनागरीतली जोडाक्षरे आणि मात्रा अजून नीट बसत नाहीत. लिनक्सच्या मूळ कन्सोलवर तर ती धड दिसतच नाहीत. नोकरीत जे सर्व्हर हाताळायचे असतात, त्यांवर बहुधा इंग्रजीच लावलेले असते. मराठी हेल्प वाचून तयार झालेला विद्यार्थी तिथे पुन्हा अडेल.

त्याआधी करण्याजोगे काम छोटे आहे आणि ते मराठीतच करायचे आहे: हेल्प वाचायची कशी, हे शिकवणे. कंस, उभी रेघ, तीन टिंबे यांचा अर्थ, आणि त्या मजकुरात वारंवार येणारे थोडेसे इंग्रजी शब्द एवढे एका तासात होते. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाने लिनक्स आणि बॅशचे छोटे धडे मराठीसह अनेक भारतीय भाषांत दिले आहेत. वर्गात त्यांची जोड घेता येईल. आणि प्रॅक्टिकल घेणाऱ्या शिक्षकांना विनंती आहे: येत्या सत्रात एक तरी प्रश्न असा ठेवा, ज्यातली कमांड वर्गात शिकवलेली नसेल, इंटरनेट बंद असेल आणि हेल्प उघडायची पूर्ण मुभा असेल. त्याला गुण द्या, आणि उत्तरासोबत हेल्पमधली कोणती ओळ उपयोगी पडली तेही लिहायला सांगा.