भूसंपादन : एका शब्दाची चिकित्सा

'संपादन' हा शब्द साहित्याच्या अभ्यासकाला ग्रंथाच्या संदर्भात परिचयाचा असतो. त्याला 'भू' जोडला की अर्थाबरोबर दृष्टीही पालटते. शासनाने काय मिळवले एवढेच तो सांगतो. कुणी काय गमावले याला त्या शब्दात जागा नाही. जोडीचा शब्द 'प्रकल्पग्रस्त'. पूरग्रस्त, दुष्काळग्रस्त यांच्या पंक्तीत तो बसवला की माणसांनी घेतलेला निर्णय निसर्गाचा कोप ठरतो.

दुसऱ्या महायुद्धात जर्मनव्याप्त पोलंडमधील झामोश्च प्रदेशातून १९४२-४३ मध्ये एक लाखाहून अधिक लोकांना हुसकावून त्यांच्या शेतांवर जर्मन वसाहती बसवण्यात आल्या. त्या क्रौर्याशी आपल्याकडील भूसंपादनाची बरोबरी करणे अन्यायाचे होईल. येथे कायदा होता, मोबदला होता, न्यायालय होते. तरीही एक प्रश्न उरतो : शेत गेल्यावर गावाचे काय होते?

आज 'द्रोणागिरी' हे सिडकोच्या एका उपनगराचे नाव आहे. मुळात ते उरणच्या डोंगराचे. या परिसरातील अनेक कुळांना १९४८च्या कूळकायद्याने आणि १ एप्रिल १९५७च्या कृषक दिनाने जमिनीची मालकी मिळाली. त्यासाठी अलिबाग तालुक्यातील चरीच्या शेतकऱ्यांनी १९३३पासून अनेक वर्षे संप केला होता. आणि १९७०मध्ये नवी मुंबईसाठी ठाणे, पनवेल, उरण भागांतील पंचाण्णव गावांच्या जमिनी संपादनाखाली आल्या. पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्याची जमीन कसणाऱ्याला मालकीची जेमतेम तेरा वर्षे लाभली. तीही ज्या १८९४च्या कायद्याने संपली, तो परकीय सत्तेचा होता.

गावठाणे बहुतांशी जागेवरच राहिली, शेते गेली. खाडीचे पाणी अडवणारे बांध गावाने मिळून राखायचे, उघाडीची दारे भरती-ओहोटी पाहून लावायची-काढायची, ही सामूहिक शिस्त शेताबरोबर संपली. मोबदला सातबाऱ्यावरच्या नावाला मिळाला. लावणी करणाऱ्या बाईचे आणि मिठागरातल्या मजुराचे नाव तेथे नव्हते. नुकसानीच्या हिशोबात त्यांना धरलेच गेले नाही.

या हिशोबाला आव्हान दिले ते दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालील आंदोलनाने. जानेवारी १९८४मध्ये जासई परिसरात झालेल्या गोळीबारात पाच जण हुतात्मा झाले. त्यानंतरच्या काळात साडेबारा टक्के विकसित भूखंडाची योजना आली. ती मोठी मिळकत होती. पण भूखंड विकता येतो, बांध राखण्याचे नाते विकतही घेता येत नाही.

मराठी ग्रामीण साहित्याने दुष्काळ आणि सावकार जितक्या आस्थेने रंगवले, तितक्या आस्थेने हे स्थित्यंतर रंगवलेले दिसत नाही. आगरी बोलीत उघाडी, खार, आगर हे शब्द ज्यांच्या जिभेवर अजून जिवंत आहेत, ती पिढी वृद्ध झाली आहे. भाषेच्या विद्यार्थ्यांनी हे शब्द त्यांच्या तोंडून नोंदवले नाहीत, तर जमिनीमागोमाग तिची भाषाही जाईल, आणि त्या हानीचा निवाडा करणारे कोणतेही न्यायालय नाही.