डावे आसन

विमानाच्या पुढील कक्षात दोन आसने असतात: डावे कॅप्टनचे, उजवे सहवैमानिकाचे. मधले अंतर हातभर. पण ते ओलांडण्यास वर्षे लागतात, आणि जुन्या कंपनीत पाळी बहुधा ज्येष्ठतेच्या यादीने येते. म्हणूनच स्वस्त भाड्याची नवी कंपनी निघाली, की सहवैमानिकाच्या घरी खल सुरू होतो. तेथे यादी कोरी. आधी जाणाऱ्यास डावे आसन लवकर मिळण्याचा संभव.

मात्र जुनी ज्येष्ठता गाठोड्यात बांधून नेता येत नाही. विमान बदलले तर शिक्षणही नव्याने घ्यावे लागते. एअरबस चालविणाऱ्यास ‘अकासा’च्या बोइंग ७३७ साठी पुन्हा पात्रता मिळवावी लागेल. अशा खर्चापोटी कंपन्या करार लिहून घेतात. तो घरच्यांनीही वाचलेला बरा. २०२३ मध्ये ४३ वैमानिक पूर्वसूचनेची मुदत न पाळता गेले, तेव्हा अकासाने न्यायालय गाठले होते.

आणि कंपनीच बुडाली तर? २००३ मध्ये सुरू झालेली ‘एअर डेक्कन’ पुढे ‘किंगफिशर’मध्ये विलीन झाली, आणि २०१२ मध्ये किंगफिशरच थांबली. २००६ ची ‘इंडिगो’ मात्र देशात सर्वांत मोठी झाली. पहिल्या दिवशी दोघींत फरक कोणी ओळखला असता? जुनेपणाचाही भरवसा नाही: १९९३ पासून उडणारी ‘जेट’ २०१९ मध्ये बंद पडली, वैमानिकांचे पगार थकवून.

तेव्हा, किती विमानांची मागणी नोंदविली हे विचारू नये. किती विमाने प्रत्यक्ष धावपट्टीवर आली, ते विचारावे. वेतनाचा मोठा भाग उड्डाणाच्या तासांवर ठरतो, आणि विमानाची वाट पाहणाऱ्याचे तास भरत नाहीत.