बेचाळिसाव्या दिवसानंतर

मुखेड तालुक्यातल्या एखाद्या वाडीवर बाई दवाखान्यातून बाळंत होऊन आली की आशाताई ठरलेल्या दिवशी दारात येते : तिसरा, सातवा, चौदावा, एकविसावा, अठ्ठाविसावा आणि बेचाळिसावा. बाळाचं वजन, ताप, दूध ओढतंय का, सगळं छापील नमुन्यात उतरतं. बाळंतिणीसाठीही रकाने आहेत : ताप, अंगावरून जाणं, दूध येणं. तिच्या मनाबद्दल मात्र विचारायचं ते एवढंच, की बाई असंबद्ध बोलते का. म्हणजे ती बरळू लागेपर्यंत सरकारी कागदावर तिचं मन ठणठणीत. बापाला तर रकानाच नाही. माझं म्हणणं या कोऱ्या जागेबद्दल आहे.

या घरभेटींची पद्धत महाराष्ट्रातच घडली. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गडचिरोलीच्या ३९ गावांत गावातल्याच बायकांना शिकवून ७७२ बाळंतिणींच्या नोंदी घेतल्या. २००४ साली छापून आलेल्या त्या अभ्यासात ५२.६ टक्के जणींना काही ना काही आजार झालेला दिसला. प्रसूतीच्या वेळी १७.७ टक्के, तर नंतरच्या दिवसांत ४२.९ टक्के. आपलं सारं लक्ष प्रसूतीच्या वेळच्या आकड्याकडे. २०१९-२१ च्या पाहणीनुसार राज्यात ९४.७ टक्के बाळंतपणं दवाखान्यात होत होती आणि २०१८-२० मध्ये लाख जिवंत जन्मांमागे ३३ मातामृत्यू झाले, ही कमाई खरीच मोठी आहे. पण ती वाचलेल्या बायांची मोजदाद झाली. त्या बऱ्या आहेत का, हे त्यातून कळत नाही.

‘मनाचा आजार हे शहरी खूळ, आमच्याकडे लेक माहेरी आईजवळ असते’, हा आक्षेप नेहमीचा. गोव्यात डॉ. विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी तो तपासलाच, असं म्हणता येईल. दहा प्रश्नांची एडिंबरो प्रश्नावली कोकणीत आणून त्यांनी बाळंतपणानंतर सहा ते आठ आठवड्यांनी विचारपूस केली. २३ टक्के आयांना नैराश्य होतं, त्यातल्या निम्म्याहून अधिक सहाव्या महिन्यातही आजारीच होत्या (२००२). कारणं गरिबी, नवऱ्याशी बिनसलेलं आणि मुलगी झाल्याचं शल्य. यातलं मुखेडला काय नाही? शिवाय सहा आठवडे म्हणजे बेचाळीस दिवस. गोव्यातल्या संशोधकांनी बाळंतपणानंतरची विचारपूस जिथे सुरू केली, नेमकी तिथेच आपली नवजाताची वही मिटते. सव्वा महिना सरलेला, शेक-शेगडी बंद, लेक सासरच्या वाटेला, आणि तिचं नाव एका आशाकडे तर ती स्वतः दुसरीच्या गावात.

बापाचं नाव काढलं की लोक हसतात. २०१० साली अमेरिकन वैद्यकीय संघटनेच्या नियतकालिकात ४३ अभ्यासांचा, २८ हजारांवर लोकांचा एकत्रित आढावा आला : सुमारे दहा टक्के बापांना नैराश्य, सर्वाधिक बाळाच्या तिसऱ्या ते सहाव्या महिन्यात. हे अभ्यास बहुतेक परदेशातले; तो आकडा इथे जसाच्या तसा चिकटवणं चूकच. पण इथला बाप निवांत असतो असंही नाही. ऊसतोडीसाठी मुकादमाची उचल घेतलेली, दिवाळीच्या आगेमागे कारखान्याचा फड गाठायचा, आणि कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. त्यामुळे ओली बाळंतीणही तान्ह्यासकट ट्रॅक्टरवर चढते. गावच्या वहीत ती ‘स्थलांतरित’, फडावरच्या वहीत बहुधा नाहीच.

आशांवर आधीच कामाचा डोंगर आहे, हा आक्षेप मात्र वजनदार. त्यांना फुकटात आणखी एक काम देऊ नये, हे मी आधीच मान्य करतो. पण नवी भेट लागत नाही. २०१८पासून बाळासाठी तिसऱ्या, सहाव्या, नवव्या, बाराव्या आणि पंधराव्या महिन्याच्या भेटी ठरलेल्याच आहेत. त्यातल्या पहिल्या दोन भेटींत आईला चार प्रश्न जोडावेत आणि त्याचे पैसे वेगळे द्यावेत. प्रश्न सासूच्या समोर नकोत, नाहीतर उत्तर ‘बरं हाय’ एवढंच येईल. आणि ‘नैराश्य’ हा शब्द नको. ‘जीव रमत नाही का, डोकं भणभणतं का, झोप लागते का’ असं विचारावं, तांड्यावर गोरमाटीत, सीमेकडच्या गावांत कानडीत.

उपचारच नसतील तर मोजून काय करायचं? मनाच्या आजारासाठीच्या १४४१६ या टेलिमानसच्या फोनने सगळं भागणार नाही, हे खरं. पण मुखेडच्या उपजिल्हा रुग्णालयात समुपदेशक किती लागतील, हे मागायलाही आधी हातात संख्या हवी. आणि बापाला विचारायला आशाताईच कशाला? उपकेंद्राचा आरोग्यसेवक तापाचे रक्तनमुने घेत घरोघर फिरतोच. पारावर बसलेल्या तरण्या बापाला ‘झोप लागते का रे?’ एवढं तो विचारू शकतो, उचल फेडायला गडी निघून जायच्या आत.