चिप बदलण्याआधी पेटी उघडा

हा सीन ओळखीचा वाटतो का बघा. सबमिशनला तीन आठवडे उरलेत. टेबलावर ब्रेडबोर्ड, त्यावर आर्डुइनो उनो, सहा नॉब, बारा बटणं आणि वायरींचा गुंता. बटण दाबलं की लॅपटॉपला मिडी संदेश जायचा आणि लॅपटॉपने सूर लावायचा, एवढंच काम. पण एकदा दाबलं तर सूर दोनदा वाजतो. नॉबला हात न लावता आकडे नाचतात. मध्येच एखादा सूर अडकतो तो थांबतच नाही. मग ग्रुपमधलं कुणीतरी ठामपणे सांगतं, "उनो जुना झाला रे, पिको टाक!" आणि रात्री अकरा वाजता ऑर्डर जाते.

माझं म्हणणं सरळ आहे. चिप जरूर बदला, पण कशासाठी बदलतोय ते एका वाक्यात लिहिता आलं पाहिजे. "नवीन आहे म्हणून" हे वाक्य चालणार नाही.

आधी थोडं गणित करू. १९८३ साली मिडी आलं तेव्हा त्याचा वेग ठरला सेकंदाला ३१,२५० बिट. एक सूर चालू करायला तीन बाइट लागतात. तारेवर प्रत्येक बाइटचे दहा बिट होतात, म्हणजे एकूण तीस. जेमतेम एक मिलिसेकंद. हा वेळ तारेचा आहे, चिपचा नाही. मिडीच्या साध्या तारेवर दुप्पट वेगाची चिप लावली तरी तो तेवढाच राहणार. उनोला एक नॉब वाचायला साधारण ०.१ मिलिसेकंद लागतो. सहा नॉब वाचून झाले तरी एक मिलिसेकंद भरत नाही. मग उशीर कुठे होतोय? बहुतेक वेळा तुम्हीच कोडमध्ये टाकून विसरलेल्या 'डिले'मध्ये.

आता तक्रारी एकेक घेऊ. सूर दोनदा वाजतो, कारण बटणाचे पत्रे दाबताना काही क्षण थरथरतात आणि चिपला ते अनेकदा दाबल्यासारखं दिसतं. वेगवान चिपला ही थरथर आणखी स्पष्ट दिसेल! पाच-दहा मिलिसेकंद थांबून खात्री करणं हा उपाय, आणि तो कोडमध्ये आहे. अडकलेल्या सुराची गोष्ट आणखी मजेशीर. तुम्ही सूर धरून ठेवलात, त्याच वेळी सप्तक बदलायचं बटण दाबलंत, मग बोट उचललंत. कोड नव्या सप्तकातला सूर बंद करतो, जुना बिचारा वाजतच राहतो. ही चूक पिकोवरही जशीच्या तशी जाईल. नव्या घरात जुने ढेकूण!

आणि नाचणारे आकडे? इथे आपल्या रत्नागिरीचा हात आहे. समुद्राची खारी हवा, चार महिन्यांचा पाऊस. ब्रेडबोर्डच्या पट्ट्या आणि वायरींची टोकं काळवंडतात, नॉबच्या आत ओल धरते. रत्नागिरीत प्रोजेक्ट करायचा तर पहिलं अपग्रेड चिपचं नाही, ब्रेडबोर्डचं. साधा झीरो पीसीबी घ्या, नीट सोल्डर करा, डबा बंद करा. चिपच्या किमतीहून कमी खर्चात निम्म्या तक्रारी मिटतील.

कागदावरच्या आकड्यांनाही भुलू नका. रास्पबेरी पाय पिको २०२१ मध्ये चार डॉलरला आला. १३३ मेगाहर्ट्झ, दोन कोअर, २६४ केबी रॅम. उनोकडे १६ मेगाहर्ट्झ आणि २ केबी. तुलनाच नाही, मान्य. पण उनोला ६ अॅनालॉग पिन आहेत आणि पिकोला बाहेर काढलेल्या फक्त ३. म्हणजे सहा नॉबसाठी ४०५१ सारखा मल्टिप्लेक्सर आला, नवी वायरिंग आली. पिकोचं अॅनालॉग वाचन कागदावर १२ बिटचं, पण भरवशाचे बिट नऊच्या आसपास. शिवाय मिडीचा नेहमीचा कंट्रोल संदेश ७ बिटचा, ० ते १२७. पिको ३.३ व्होल्टवर चालतो. उनोवरचा ५ व्होल्टचा सेन्सर थेट जोडलात तर पिन कायमची जाऊ शकते. मिडी आउटचे २२० ओहमचे दोन रेझिस्टर काढून ३३ आणि १० ओहमचे लावावे लागतात. आणि समजा काही जळलं, तर सुटा भाग मुंबईहून यायची वाट बघा. सबमिशन थांबत नाही.

मग चिप कधीच बदलायची नाही का? तसं नाही. प्रोफेट-६०० हा मिडी असलेल्या पहिल्या सिंथेसायझरपैकी एक. त्याचा मेंदू म्हणजे ४ मेगाहर्ट्झचा झेड८०. त्यात नॉब फिरवला की आवाज पायऱ्यापायऱ्यांनी सरकायचा. तीसेक वर्षांनी एका हौशी माणसाने झेड८० काढून तिथे टीन्सी++ बसवला आणि पायऱ्या जवळपास नाहीशा केल्या. गंमत म्हणजे तो टीन्सीही ८ बिटचाच, १६ मेगाहर्ट्झचा, म्हणजे आपल्या उनोच्याच कुळातला. त्याला दुखणं माहीत होतं, म्हणून औषध लागू पडलं.

आता आपल्या पेटीकडे या. आकाशवाणीने १९४० मध्ये पेटीवर बंदी घातली आणि ती तीसेक वर्षं टिकली. एक आक्षेप होता की तिचे सूर ठरलेले, श्रुती नीट लागत नाहीत. ठाण्याच्या डॉ. विद्याधर ओक यांनी २२ श्रुतींची पेटी बनवून त्याला लाकडात आणि पितळेत उत्तर दिलं. तुम्ही ते मिडीत देऊ शकता. समान अंतराच्या सुरांत शुद्ध गंधार षड्जापासून ४०० सेंटवर येतो, नैसर्गिक गंधार सुमारे ३८६ वर. पिच बेंडची नेहमीची मर्यादा दोन्ही बाजूंना २०० सेंट, त्यात प्रत्येक बाजूला ८,१९२ पायऱ्या. म्हणजे गंधार साधारण ५६० पायऱ्या खाली आणायचा. बारा सुरांचे बारा आकडे, २४ बाइटचा तक्ता. उनोच्या २,०४८ बाइटमध्ये आरामात मावतो. फक्त षड्जाचा धरलेला सूर वेगळ्या चॅनेलवर ठेवा, कारण बेंड अख्ख्या चॅनेलला लागतो. श्रुतींसाठी चिप बदलायची गरज नाही, कानाची आहे.

पण हीच पेटी गणपतीत वाडीवर न्यायची असेल तर? भजनाला बसलेल्या मंडळींसमोर लॅपटॉप उघडून "थांबा हां, सॉफ्टवेअर चालू होतंय" म्हणणार? उनोची यूएसबी लॅपटॉपला मिडी म्हणून दिसतच नाही, मध्ये जोडणारा प्रोग्रॅम लागतो. पिको थेट मिडी वाद्य म्हणून ओळखला जातो, फोनलाही लागू शकतो. आणि आवाज डब्यातूनच काढायचा असेल तर सीडीच्या दर्जाच्या मोनो आवाजाच्या एका सेकंदाला ८८ हजार बाइट लागतात. उनोच्या रॅममध्ये सेकंदाचा चाळिसावा भागही मुश्किलीने बसेल, पिकोच्या रॅममध्ये तीन सेकंद. इथे मात्र उनो खरंच अपुरा आहे. वाक्य तयार झालं: "लॅपटॉपशिवाय वाडीवर वाजली पाहिजे." आता ऑर्डर द्या, बिनधास्त. पण चालू असलेला उनो मोडू नका. पिको शेजारी ठेवा, एकेक बटण हलवा, आणि हे काम सबमिशननंतर करा.

व्हायव्हात "पिको का वापरला?" हा प्रश्न येणारच. "फास्ट आहे" असं उत्तर कुणीही देतं. "उनोवर मोजलं, इथे अडलं" हे उत्तर ज्याने पेटी उघडून बघितली त्यालाच देता येतं. पुढच्या वर्षी आणखी नवी चिप येईल. मोजायची सवय तिच्यावरही चालेल.